अर्धं हाताशी ठेवा

चि. भाचीस आणि जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेऊन लॉस एंजेलिसहून जोशुआ ट्री आणि तिथून डेथ व्हॅली करायचं ठरवलंत, सोबत दोन्ही पोरं आणि पुण्याहून आलेले ताई-भाऊजी, हे ऐकून फार बरं वाटलं. तुझ्या काकांचा आणि माझा या वाळवंटांशी जुना संबंध आहे. कॅम्पग्राउंडवर शेजारी गाडी लावणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींनी आम्हाला जे कानात सांगितलं, ते आता तुमच्या कानात घालते. या सगळ्याचं सार एवढंच: वाळवंटात कुठलीही गरजेची गोष्ट अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. टाकीतलं पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं. बाटलीतलं पाणी अर्धं झालं की मागे फिरायचं. मोटारीने एका दिवसात जेवढे मैल तोडता, त्याच्या निम्मेच धरायचे. शहरात चुकलं तर पुढच्या चौकात दुकान असतं. इथे पुढचा पंप साठ-सत्तर मैलांवर असू शकतो आणि बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही. म्हणून हाताशी उरलेलं अर्धं हीच तुमची खरी मदत.

गाडी ताब्यात घेताना

कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपर्यंतचं मोटरहोम साध्या लायसन्सवर चालवता येतं, त्यामुळे वेगळी परीक्षा नाही. पण म्हणूनच शिकण्याची जबाबदारी तुमची. गाडी देणारा माणूस दहा मिनिटांत सगळं दाखवून मोकळा होतो. तसं होऊ देऊ नका. पाणी कुठून भरायचं, टाक्या कशा रिकाम्या करायच्या, जनरेटर कसा लावायचा, प्रोपेनचा मुख्य नळ कुठे आहे, विजेचे ब्रेकर कुठे आहेत, हे एकेक करून विचारा आणि ते सांगताना फोनवर चित्रीकरण करा. रात्री थंडीत हीटर लागला नाही की तेच कामाला येतं. आधीचे ओरखडे असतील त्यांचेही फोटो काढून ठेवा.

करारात दोन गोष्टी नीट वाचा. बऱ्याच कंपन्या उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेऊ देत नाहीत, आणि कच्च्या रस्त्यावर तर बाराही महिने नाही. तिथे गाडी अडकली तर विमा हात वर करतो.

टायर स्वतः बघा. टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ३५२१ असेल तर २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. फार जुना असेल तर निघण्याआधीच बदलून मागा. हवा रोज सकाळी, टायर थंड असताना तपासायची. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसेल, तो बघून हवा सोडू नका. टायर थंड झाला की ती कमी पडते, आणि हवा कमी असलेला टायरच जास्त तापतो आणि फुटतो.

गाडीची उंची एका कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. ती बारा फुटांच्या आसपास असते. पेट्रोल पंपाचं छत आणि खाण्याच्या दुकानांची गाडीत बसून घ्यायची खिडकी, या दोन जागी नवी माणसं हमखास छत घासतात.

महामार्गावर जाण्याआधी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव करा, दोघांनीही. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा मोठा भाग असतो आणि तो वळताना उलट्या बाजूला झुलतो. तुम्ही डावीकडे वळलात की मागचा उजवा कोपरा बाहेर येतो आणि खांबाला लागतो. गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून खुणा करायच्या. खुणा आधी ठरवून घ्या आणि एकच नियम पाळा: खुणा करणारा आरशात दिसेनासा झाला की चालवणाऱ्याने जागीच थांबायचं.

पोरांच्या कारसीट पुढे तोंड असलेल्या आणि नीट पट्टा असलेल्या आसनावरच बसवा. आडव्या बाकावर कारसीट लावायची नाही. गाडी चालू असताना कोणी उठायचं नाही, चहा करायचा नाही, पलंगावर आडवं व्हायचं नाही. मागे स्वच्छतागृह आहे म्हणून ताई चालत्या गाडीत उठेल, तिला आधीच सांग. दर दीड तासाने गाडी थांबवा म्हणजे तिला संकोच वाटणार नाही. झोपायलाही मागचा पलंग ताई-भाऊजींना द्या. चालकाच्या डोक्यावरची शिडीची जागा पोरांची.

रस्त्यावर

असली गाडी एका गॅलनला साधारण आठ-दहा मैल जाते. जनरेटरही बहुतेक गाड्यांत त्याच टाकीतलं पेट्रोल पितो, आणि टाकी पावपर्यंत आली की आपोआप बंद पडतो, म्हणजे निदान गाडी तरी पुढे जाईल. त्यामुळे काटा शून्यावर येण्याच्या कितीतरी आधी तुमची वीज जाते. जोशुआ ट्री पार्कच्या आत पंप नाही. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्जला आहे, पण महाग. वाटेवरचं बेकर गाव मात्र चुकवू नका. तिथे १३४ फूट उंच तापमापक उभा आहे. १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, त्याची ती खूण. पोरांना तो दाखवा, आणि तेवढ्यात टाकी भरा, काच पुसा, टायरवर नजर टाका. तिथून शोशोनमार्गे फर्नेस क्रीक शंभराहून जास्त मैल आहे.

लॉस एंजेलिसहून पूर्वेला निघालात की पाम स्प्रिंग्जच्या अलीकडे सॅन गोर्गोनिओ खिंडीत शेकडो पवनचक्क्या दिसतील. वारा तिथे कायमच जोराचा असतो, म्हणून तर त्या तिथे आहेत. तुमची गाडी उंच आणि सपाट बाजूंची, वारा तिला ढकलतो. वेग कमी करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, आणि वाऱ्याचा इशारा असेल तर खिंडीच्या अलीकडे थांबून जेवून घ्या.

लांब चढावर एसी बंद करा. डेथ व्हॅलीच्या चढांवर तशा पाट्याच लावलेल्या आहेत. इंजिनाचा काटा वर जाऊ लागला तर हीटर पूर्ण चालू करा, त्याने इंजिनातली उष्णता बाहेर पडते, आणि पहिल्या पक्क्या जागी थांबा. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. घट्ट दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा.

रस्त्याच्या कडेची वाळू वरून घट्ट दिसते आणि चाक गेलं की खाली बसते. फोटोसाठी डांबर सोडू नका. धुळीच्या वादळात मात्र रस्त्यावर राहायचं नाही. धूळ समोर दिसताच बाहेर पडायची वाट किंवा पक्की मोकळी जागा गाठा. तेही जमलं नाही तर रस्त्यापासून होईल तितकं दूर थांबा, सगळे दिवे बंद करा, हातब्रेक लावा आणि पाय ब्रेकवरून काढा. मागून येणारा माणूस तुमचे लाल दिवे पाहून तोच रस्ता समजतो आणि येऊन आदळतो, म्हणून हा नियम.

वाहतं पाणी रस्त्यावर दिसलं तर परत फिरा. पाऊस डोंगरावर पडतो आणि लोंढा कोरड्या ओढ्यातून ऊन असलेल्या रस्त्यावर येतो. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने डेथ व्हॅलीचे रस्ते इतके उखडले की पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं. काही रस्ते पुरानंतर फार काळ बंद राहतात. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघा.

फोनमधला नकाशा आधी उतरवून घ्या आणि कागदी नकाशा सोबत ठेवा. फोन जवळची वाट म्हणून जुना खाणीचा रस्ताही दाखवतो. डांबरी रस्ता सोडायला तो सांगू लागला तर ऐकू नका, आधी रेंजरला विचारा. आणि गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत निघू नका. सावली, पाणी आणि दुरून दिसणारी वस्तू, तिन्ही म्हणजे तुमची गाडीच.

डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसाला दोन-सव्वादोनशे मैलांच्या वर जाऊ नका आणि तीनपर्यंत मुक्कामी पोहोचा. अंधारात अनोळखी जागी तीस फुटांची गाडी मागे घेणं नवख्यांचं काम नाही.

ताई-भाऊजींचे पासपोर्ट आणि तुमची व्हिसाची मूळ कागदपत्रं जवळ ठेवा. परतताना सॉल्टन सीच्या बाजूने किंवा आठ नंबरच्या महामार्गाने यायचं ठरलं, तर तिथे सीमा पोलिसांचे तपासणी नाके असतात.

पाणी

गाडीत वापरायच्या पाण्याची टाकी साधारण चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची. सहा माणसांना ते एका दिवसातही संपवता येतं. पिण्याचं पाणी वेगळं न्या: माणशी दिवसाला किमान एक गॅलन, जवळपास चार लिटर, आणि वर एका दिवसाचं जास्तीचं. जोशुआ ट्रीच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर नळ नाही; ब्लॅक रॉक आणि कॉटनवुड या दोन ठिकाणी आहे. बाकी कुठे उतरणार असाल तर गावातूनच टाकी भरून आत जा. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी असते. ती आणि सांडपाण्याची नळी कधी एका कप्प्यात ठेवू नका.

आंघोळीला अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण, मग पाणी. ताईसाठी छोटी बादली आणि तांब्या न्या. तांब्याने आंघोळ करणाऱ्याला पाणी किती वापरलं ते डोळ्यांनी दिसतं.

तहान लागण्याआधी प्या. कोरड्या हवेत घाम अंगावर टिकत नाही, उडून जातो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. थंडीतही असंच होतं. पाण्यासोबत मीठही गेलेलं असतं. लिंबू, मीठ, साखर यांचं सरबत, कोकम सरबत, मीठ घातलेलं ताक, हे दिवसातून दोनदा सगळ्यांना द्या. मोठी माणसं सारखं जायला लागेल म्हणून पाणीच टाळतात. ताईकडे लक्ष ठेव. भाऊजी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घे. आणि ताई-भाऊजींच्या प्रवास विम्याची मुदत तपास.

पायी निघताना प्रत्येकाकडे आपली बाटली. सहाजणांत ज्याची आधी अर्धी होईल, तिथून सगळ्यांनी मागे फिरायचं. समोर कितीही सुंदर दिसत असलं तरी.

टाक्या रिकाम्या करताना

या कामाची कोणी किळस करू नका आणि कोणा एकावर ढकलू नका. दोन टाक्या असतात: संडासाची काळी आणि मोरी-ओट्याची करडी. काळी टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत तिचा नळ बंदच ठेवायचा, जागेवर सांडपाण्याची जोडणी असली तरीही. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी साचून राहतो. रिकामी करताना आधी काळी, मग करडी. साबणाचं पाणी मागून जाऊन नळी धुऊन काढतं. हातमोजे घाला, नळी नीट बसली आहे ना ते बघा, मगच नळ उघडा. संडासात आपली पाणी वापरायची सवय काळ्या टाकीला चांगलीच. कागद मोटरहोमसाठीचा लवकर विरघळणारा घ्या, आणि ओले टिशू त्यात टाकू नका. तेल-तूप कागदाने पुसून कचऱ्यात टाका, ओट्यात ओतू नका. करडं पाणीसुद्धा जमिनीवर सोडायचं नाही. जनावरांना त्याची चटक लागते आणि पुढच्या माणसाची जागा घाण होते.

ओटा

फ्रीज आदल्या दिवशीच चालू करा आणि घरून गार केलेल्या वस्तूच त्यात ठेवा. गॅसवर चालणारा फ्रीज गाडी तिरकी असली तर नीट काम करत नाही, म्हणून मुक्कामावर चाकांखाली ठोकळे घालून गाडी सपाट करायची आणि मगच स्वयंपाकाला लागायचं.

फोडणी देण्याआधी छतावरचा पंखा लावा आणि खिडकी उघडा. नाहीतर धुराचा भोंगा वाजतो, आणि वैतागून कोणीतरी त्याचा सेल काढून ठेवतं. असं कधीही करू नका. तोच भोंगा आणि कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा रात्री तुमच्यावर पहारा देतात. शेगडीवर गाडी उबवायचा तर विचारही नको. जनरेटर चालू ठेवून झोपू नका.

खाणं कमी भांड्यांचं ठेवा. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भाजणी घरून न्या. संध्याकाळी कुकरला मुगाची खिचडी किंवा पिठलं-भात. ताटं आधी कागदाने पुसा, मग धुवा; पाणी निम्मं लागतं. तीस अँपिअरच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावला तर ब्रेकर पडतो, तेव्हा एका वेळी एकच.

मुक्काम

फर्नेस क्रीकच्या कॅम्पग्राउंडची हिवाळ्यातली जागा सहा महिने आधी खुली होते आणि लगेच भरते. आतापासूनच रद्द झालेल्या जागा रोज बघत राहा. रात्री बाहेरचं कापडी छत गुंडाळून ठेवा. वारा पहाटे अचानक सुटतो. जोशुआ ट्रीची कॅम्पग्राउंडं बहुतेक तीन-चार हजार फुटांवर आहेत, तिथे डिसेंबरात रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरतो. ताई-भाऊजींना लोकरीच्या टोप्या आणि जाड रजई द्या. फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या खाली असल्याने तिथे थंडी कमी.

बाहेर काढून ठेवलेले बूट घालण्याआधी झटका. विंचू आडोसा शोधत असतो. जोशुआ ट्रीच्या चोया निवडुंगाच्या बागेत पोरांचा हात धरा. त्याची काटेरी गोळी जरा लागली की अंगाला चिकटते. ती बोटांनी ओढू नका, रुंद दातांच्या कंगव्याने उचलून उडवा. कंगवा खिशातच ठेवा.

निघताना गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायची: पायरी आत, नळ्या काढलेल्या, ठोकळे उचललेले, कप्पे बंद, छतावरचे पंखे बंद. शेवटी वाकून गाडीखाली बघायचं. मोहावी वाळवंटातलं कासव सावलीसाठी उभ्या गाडीखाली येऊन बसतं. डिसेंबरात ती बिळात असतील, पण सवय आताच लावा, म्हणजे वसंतात फुलं बघायला याल तेव्हा विसर पडणार नाही. कासव दिसलं तर उचलू नका. घाबरलं की ते साठवलेलं पाणी लघवीवाटे टाकून देतं, आणि त्या पाण्यावाचून पुढे ते मरू शकतं.

बघायचं किती

तीस फुटांच्या गाडीला डेथ व्हॅलीत आर्टिस्ट्स ड्राइव्ह आणि दांतेज व्ह्यू बंद आहेत. दोन्हींची मर्यादा पंचवीस फूट आहे. त्याची हळहळ नको. सकाळी स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला झाब्रिस्की पॉइंट आणि मग समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेलं बॅडवॉटर, एवढं पुष्कळ आहे. उरलेला वेळ पोरांना वाळूत लोळू द्या आणि भाऊजींना खुर्ची टाकून बसू द्या. रात्री गाडीचे सगळे दिवे मालवून अर्धा तास बाहेर बसा. मृग, त्याच्या मागचा व्याध आणि वर कृत्तिका भाऊजी पोरांना बोटाने दाखवतील. पुण्यात त्यांना स्वतःला असं आकाश किती वर्षांत मिळालं नसेल.

यादीतली अर्धी ठिकाणं राहू द्या. सगळं बघायच्या नादातच माणूस रात्री गाडी चालवतो, पाणी भरायला थांबत नाही आणि थकलेल्या म्हाताऱ्यांना अजून एक जागा म्हणून ओढत नेतो. राहिलेल्या जागांसाठी पुन्हा येता येतं.

आता माझं एक काम कर. निघायच्या आदल्या दिवशी रोजच्या मुक्कामाचं नाव, जागेचा क्रमांक, गाडीचा नंबर आणि कुठल्या रस्त्याने जाणार ते मला लिहून पाठव. बेकरहून पुढे निघताना फोन कर, आणि दुसऱ्या दिवशी कधी, कुठून करशील ती वेळ ठरव. त्या वेळेला फोन आला नाही तर मी दोन तास वाट बघेन आणि पार्कच्या रेंजरना कळवेन. उगाच काळजी करते असं म्हणू नकोस; वाळवंटात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबामागे असं एक माणूस घरी फोनपाशी असायला हवं.

सुखरूप जा, सुखरूप या.

तुझी मावशी